कचऱ्यावरची माती: छत्री की स्पंज?

कचरा डेपो ‘बंद झाला’ अशी बातमी पेपरात वाचली की आपल्याला वाटतं, गेटला कुलूप लागलं, विषय संपला. खरं तर डेपो बंद करण्याचं अवघड काम त्यानंतरच सुरू होतं. वर्षानुवर्षं साचलेला डोंगर तिथेच राहणार असतो, आणि त्याच्यावर पाऊसही दरवर्षी पडणार असतो. या लेखात मी एकाच प्रश्नाबद्दल लिहिणार आहे. त्या डोंगरावर माती कशी घालायची, म्हणजे पावसाचं पाणी आत मुरणार नाही? त्यातही कोरड्या हवामानात कशी घालायची?

विषय इंजिनिअरिंगचा आणि आपलं मंडळ साहित्याचं, हे मला मान्य आहे. पण ओल, वाफसा, भेग, मूळ हे शब्द आपलेच आहेत. या शास्त्रातली निम्मी गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत आधीपासूनच आहे. म्हणून हे धाडस करतेय.

पाणी आत गेलं तर काय होतं?

कोरडा कचरा तसा शांत असतो. त्यातून पाणी झिरपायला लागलं की ते वाटेत भेटेल ते विरघळवत खाली जातं: कुजलेल्या अन्नातली आम्लं, अमोनिया, जुन्या बॅटऱ्या आणि रंगांमधले धातू. तळाशी जमा होतो तो काळपट, उग्र वासाचा रस. इंग्रजी नावावरून सगळे त्याला लिचेट म्हणतात. खाली नीट अस्तर नसेल तर हा रस जमिनीत उतरतो आणि आज ना उद्या आजूबाजूच्या विहिरी आणि बोअरवेलपर्यंत पोचतो. आपल्याकडचे बहुतेक जुने डेपो अस्तराशिवाय, उघड्या जमिनीवरच वाढलेले आहेत. तिथे खालून काही करणं जवळजवळ अशक्य असतं. जे काही करायचं ते वरूनच करायला लागतं. म्हणून वरच्या मातीला इतकं महत्त्व.

आकडा लहान वाटला तरी फसू नका. एक हेक्टर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. दहा हेक्टरच्या डेपोत वर्षाला नुसतं तीस मिलिमीटर पाणी मुरलं तर ते तीस लाख लिटर होतं. दरवर्षी.

पहिला विचार: छत्री

पाणी अडवायचं म्हटलं की कुणालाही सुचणारा उपाय म्हणजे पाणी न झिरपणारा थर, म्हणजेच छत्री. अमेरिकेत १९९१ साली शहरी कचऱ्याच्या डेपोंसाठी जे केंद्रीय नियम झाले, त्यांत याच विचारावर आवरण सांगितलं आहे. किमान ४५ सेंटिमीटर दाबलेली माती, आणि तिच्यावर झाडोऱ्यासाठी किमान १५ सेंटिमीटर माती. वरचा थर तळाच्या अस्तरापेक्षा जास्त पाझरणारा नसावा, असंही त्यात आहे. कारण उघड आहे. वरून जास्त आत येतंय आणि खालून कमी बाहेर जातंय, तर डेपोची बादली होणार. धोकादायक कचऱ्यासाठी नियम आणखी कडक आहेत. तिथे चिकणमाती खूप दाबून बसवायची आणि तिच्यावर जाड प्लॅस्टिकचं अस्तर घालायचं.

भारतातल्या २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांत आणि नंतर २०१६ च्या नियमांतही हीच छत्री आहे. ६० सेंटिमीटर चिकणमाती, तिच्यावर पाणी बाजूला काढून देणारा १५ सेंटिमीटरचा थर, आणि त्यावर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटिमीटर माती. चिकणमाती किती घट्ट हवी? तिच्यातून पाणी सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा कमी वेगाने जायला हवं. सोप्या भाषेत हिशेब केला, तर मातीवर कायम ओल राहिली असं धरून वर्षाला साधारण तीन सेंटिमीटर. म्हणजे उत्तम, बिनभेगेची चिकणमातीसुद्धा पाणी पूर्ण थांबवत नाही, त्याचा वेग फक्त कमी करते. ‘बिनभेगेची’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा.

भेगा

आमच्या बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातून एप्रिल-मे महिन्यात कुणी गेलं असेल, तर काळ्या रानाला पडलेल्या भेगा त्याने नक्की पाहिल्या असतील. काहींत अख्खा हात जातो. काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी खनिजं असतात. पाऊस आला की फुगायची, उन्हाळा आला की फाटायची. भेगांत वरची माती पडत राहते, म्हणून ही जमीन स्वतःची नांगरट स्वतःच करते असं म्हणतात. शेताला ही चांगली गोष्ट. डेपोच्या छत्रीला तीच मारक.

चिकणमाती दाबून बसवताना तिच्यात ठरावीक ओल ठेवावी लागते. ती ओल टिकली तर थर टिकतो. कोरड्या प्रदेशात ती टिकत नाही. ऊन आणि वारा वरून ओल ओढतात, मुळं खालून ओढतात. थर आक्रसतो, बारीक भेगा पडतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी मातीतून जायच्या भानगडीत न पडता सरळ भेगांतून खाली उतरतं. पुन्हा ओल आली की भेगा पूर्ण मिटतील, अशी आशा असते. मिटतातच असं नाही.

हे फक्त वाळवंटात होतं असंही नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, म्हणजे चांगल्या पावसाच्या मुलखात, चिकणमातीच्या आवरणाचा एक तुकडा मोजमापासाठी बांधला होता. मध्ये काही आठवडे पावसाने ओढ दिली आणि त्यानंतर आवरणाची वागणूक बदलली. चार वर्षांनी तपासलं तेव्हा त्या मातीतून पाणी जाण्याचा वेग मूळच्या सुमारे हजारपट झाला होता. कागदावर छत्री तीच होती, फक्त तिला भोकं पडली होती.

विरोधाभास असा की हवा जितकी कोरडी तितकी चिकणमातीची छत्री लवकर फाटते. मग ज्या कोरडेपणामुळे ती फाटते, तोच कोरडेपणा आपल्या कामाला लावता येईल का?

दुसरा विचार: स्पंज

येईल. त्यासाठी पाणी अडवायचा हट्ट सोडावा लागतो. पाऊस पडू द्या, मातीत मुरू द्या, पण माती इतकी जाड ठेवा की ते पाणी तिच्यातच थांबेल. नंतर ऊन, वारा आणि गवत ते पाणी परत आकाशात पाठवतील. मातीतून होणारं बाष्पीभवन आणि पानांतून होणारं बाष्पोत्सर्जन, या दोघांवर हे आवरण चालतं. इंजिनिअर त्याला ‘साठवा आणि सोडा’ प्रकारचं आवरण म्हणतात. मी त्याला स्पंज म्हणते.

इथे ‘वाफसा’ हा शब्द कामाला येतो. मोठ्या पावसानंतर शेतात चिखल होतो. एक-दोन दिवसांत जास्तीचं पाणी खाली निघून जातं, जमीन ओलसर राहते, पण पायाला चिकटत नाही, कुळव घालता येतो. तो वाफसा. वाफशावर असलेली माती जितकं पाणी धरते, साधारण तितकंच ती गुरुत्वाकर्षणाला न जुमानता धरून ठेवू शकते. त्याहून जास्त झालं की खाली गळती सुरू. दुसऱ्या टोकाला तो बिंदू, जिथे मातीत थोडी ओल असते पण मुळांना ती ओढता येत नाही आणि झाड कोमेजतं. या दोन टोकांमधली जागा म्हणजे आपल्या स्पंजची क्षमता.

चांगल्या पोयट्याच्या मातीत ही क्षमता एक मीटर खोलीला साधारण १५० ते २०० मिलिमीटर भरते. वाळूत ती खूप कमी, कारण वाळू पाणी धरतच नाही. भारी चिकणमाती पाणी भरपूर धरते, पण त्यातलं बरंच मुळांना सोडत नाही, वर पुन्हा भेगांचा त्रास. म्हणून पोयटा सर्वांत बरा. छत्रीसाठी जी माती हलकी म्हणून नाकारली जाईल, तीच इथे कामाची ठरते.

डिझाइनचा मुख्य हिशेब शेतकऱ्याच्या हिशेबासारखाच आहे. पडलेला पाऊस, वजा उतारावरून वाहून गेलेलं पाणी, वजा हवेने आणि गवताने ओढलेलं पाणी. जे उरलं ते मातीत मावलं पाहिजे. मावलं नाही तर कचऱ्यात गेलं.

पाऊस कधी पडतो?

वर्षाचा एकूण पाऊस सांगून हा हिशेब सुटत नाही. तो कोणत्या महिन्यात पडतो हे जास्त महत्त्वाचं. न्यू मेक्सिकोसारख्या भागात पावसाचा मोठा वाटा उन्हाळ्यात पडतो. तेव्हा गवत जोमात असतं, हवा तापलेली असते, आलेलं पाणी लगेच परत जातं. कॅलिफोर्नियात उलट आहे. पाऊस थंडीत पडतो, गवत सुस्त असतं, ऊन मंद असतं. सगळा हिवाळा स्पंज नुसता भरत राहतो आणि रिकामा होतो वसंतानंतर. तिथे स्पंज जाडच लागतो. सॅक्रामेंटोजवळ शेजारी शेजारी दोन आवरणं बांधून पाहिली होती, एक साधारण एक मीटरचं आणि दुसरं अडीच मीटरच्या आसपास. पातळ आवरणातून जाड आवरणापेक्षा कितीतरी जास्त पाणी खाली उतरलं. हवामान तेच, गळतीत मात्र मोठा फरक.

कुंडीतले खडे

स्पंजची क्षमता वाढवायची एक युक्तीही आहे. ती समजून घ्यायला घरातल्या दोन वस्तू पुरतात.

पहिली समई. वात तेल वर ओढते, कारण तिच्या धाग्यांमधल्या बारीक फटी तेलाला धरून ठेवतात. मातीतल्या बारीक फटीही पाण्याला असंच धरतात. फट जितकी बारीक तितकी पकड घट्ट.

दुसरी कुंडी. पाणी निथळावं म्हणून बरेच जण कुंडीच्या तळाला खडे घालतात. प्रत्यक्षात खड्यांच्या लगेच वरची माती जास्त ओली राहते. कारण बारीक मातीने धरलेलं पाणी मोठ्या फटींच्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती जवळजवळ पूर्ण भरल्याशिवाय ते खाली जातच नाही. कुंडीतल्या झाडाला हे त्रासाचं, पण कचऱ्यावरच्या आवरणाला फार उपयोगाचं. पोयट्याच्या खाली जाड वाळूचा किंवा खडीचा थर दिला, की वरची माती नेहमीपेक्षा जास्त पाणी अडवून धरते. ज्या वस्तूतून पाणी सर्वांत सहज वाहतं असं आपल्याला वाटतं, तीच इथे पाण्याला थोपवते. मर्यादा एकच. वरची माती एकदा तुडुंब भरली की हा बांध फुटतो आणि पाणी खाली जातं. म्हणजे जाडीचा हिशेब इथेही चुकत नाही.

या तत्त्वाचा सर्वांत गंभीर वापर वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथे झाला. तिथे अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम तयार होत असे, आणि त्याचा किरणोत्सारी कचरा जमिनीत आहे. १९९४ मध्ये तिथे एक नमुना आवरण बांधलं. वर दोन मीटर पोयटा, त्याखाली वाळू, खडी आणि मोठे दगड, आणि सगळ्यांत खाली डांबराचा थर. उद्दिष्ट होतं हजार वर्षं टिकण्याचं. या मातीची क्षमता सुमारे ६०० मिलिमीटर धरली होती, आणि तिथला पाऊस वर्षाला पावणेदोनशे मिलिमीटरच्या आसपास. तरी संशोधकांनी मुद्दाम पाणी फवारून वर्षाचं पाणी ४८० मिलिमीटरपर्यंत नेलं, हजार वर्षांतून एकदा येईल अशा पावसाची नक्कल केली, आणि २००८ मध्ये अर्ध्या भागावरची झाडी जाळूनही पाहिली. स्पंज टिकला.

अल्बुकर्कीची परीक्षा

पण नियम लिहिणाऱ्यांना ‘आमचा स्पंज तुमच्या छत्रीइतका चांगला आहे’ हे पटवायचं कसं? अमेरिकेच्या नियमात एक वाट आहे. तितकंच पाणी अडत असेल तर वेगळं आवरणही राज्याला मंजूर करता येतं. तितकंच अडतं हे मात्र सिद्ध करावं लागतं.

त्यासाठी न्यू मेक्सिकोत अल्बुकर्की इथल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९५-९६ मध्ये सहा आवरणं शेजारी शेजारी बांधली. प्रत्येक १३ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब. एक नियमातलं साधं मातीचं, एक चिकणमाती-प्लॅस्टिकचं, एक साधा स्पंज, एक खडीवरचा स्पंज, आणि आणखी दोन. ऊन तेच, पाऊस तोच, आणि प्रत्येकाखालून किती पाणी बाहेर येतं याची नोंद. साधा स्पंज फक्त ९० सेंटिमीटर जाड होता. पहिल्या काही वर्षांत नियमातल्या साध्या मातीच्या आवरणातून वर्षाला काही मिलिमीटर पाणी गळलं. स्पंजमधून अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. आणि चिकणमाती-प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तुलनेत त्याला खर्च आला साधारण निम्मा. त्यानंतर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९८ पासून वेगवेगळ्या हवामानांत अशीच मोजणी सुरू केली. कोरड्या भागांत स्पंज चांगले चालले, ओल्या भागांत गळती वाढली.

डेन्व्हरजवळच्या रॉकी माउंटन आर्सेनलमध्ये तर या कल्पनेवर मोठी आवरणं उभी राहिली. तिथे पूर्वी रासायनिक शस्त्रं आणि नंतर कीटकनाशकं तयार होत. अट घातली होती वर्षाला फक्त १.३ मिलिमीटर गळतीची. आज त्याच परिसरात वन्यजीव अभयारण्य आहे आणि तिथे गवे चरतात.

बांधताना कुठे बिघडतं?

स्पंज म्हणजे नुसती माती ओतून मोकळं व्हायचं काम नाही. बांधकामाच्या लोकांना माती दिसली की रोलर फिरवायची सवय असते. छत्रीसाठी ते बरोबर, स्पंजसाठी घातक. माती फार दाबली की मुळं खाली जात नाहीत, आणि जिथे मूळ पोचत नाही तिथलं पाणी परत येत नाही. म्हणून इथे माती मुद्दाम थोडी सैल ठेवतात.

गवत शोभेचं नसतं, तो या यंत्रणेचा पंप असतो. एकाच जातीचं हिरवंगार लॉन लावलं तर ते एकाच हंगामात काम करणार. म्हणून तिथल्याच मातीत वाढलेली मिश्र गवतं लावतात. काही थंडीत जागी असणारी, काही उन्हाळ्यात. काही वरवर मुळं पसरणारी, काही खोल जाणारी.

बिळं करणाऱ्या प्राण्यांसाठी मध्ये दगडांचा किंवा तोडलेल्या काँक्रीटचा थर घालतात. माती वाहून जाऊ नये म्हणून वरच्या थरात बारीक खडी मिसळतात. मातीच्या थराचा आणखी एक फायदा आहे. कचऱ्यातून वर येणाऱ्या मिथेन वायूचा काही भाग मातीतले जिवाणू वाटेतच खाऊन टाकतात.

आपल्याकडे चालेल का?

हा प्रश्न मी टाळणार नाही. आपल्याकडे मोसमी पाऊस आहे. वर्षाचं बहुतेक पाणी चार महिन्यांत येतं. म्हणूनच नियमांत असंही आहे की पावसाळ्यापूर्वी चालू डेपोवर ४० ते ६५ सेंटिमीटर मातीचा मधला थर दाबून घालावा.

एक कच्चा हिशेब करू. समजा एखाद्या कोरड्या तालुक्यात पावसाळ्यात ६०० मिलिमीटर पाऊस पडला. समजा त्या १२० दिवसांत गवताने आणि हवेने मिळून रोज ३ मिलिमीटर ओढले, म्हणजे ३६० मिलिमीटर. उरले २४०. पोयट्याची क्षमता बघता त्यासाठी दीड मीटरच्या आसपास माती लागेल, आणि तीही जूनच्या सुरुवातीला पूर्ण रिकामी असली पाहिजे. अतिवृष्टीच्या वर्षासाठी आणखी जाडी वेगळी. म्हणजे अथणीसारख्या आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात निदान विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्याच जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, पाऊस हजारो मिलिमीटर आहे. तिथे कितीही जाड स्पंज टाका, ऑगस्टमध्ये तो तुडुंब भरणार. तिथे छत्रीच हवी. गोव्यातही तेच.

एकाच जिल्ह्याला दोन उत्तरं लागतात. नियमाच्या पुस्तकात उत्तर एकच आहे, ६० सेंटिमीटर चिकणमाती. अथणीच्या मे महिन्यात त्या चिकणमातीचं काय होत असेल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. शेजारच्या रानात भेगा बघितल्या की पुरे.

वेळ कुणाकडे आहे?

बंद केलेल्या डेपोची देखभाल आपल्या नियमांप्रमाणे किमान पंधरा वर्षं करायची असते, अमेरिकेत साधारण तीस. हॅनफर्डच्या लोकांनी हजार वर्षांचा विचार केला, कारण त्यांचा कचरा तितका टिकणारा आहे. आपल्या कचऱ्यातलं प्लॅस्टिक आणि धातू पंधरा वर्षांत संपत नाहीत. मी आज एकवीस वर्षांची आहे. आज एखादा डेपो बंद झाला तर मी छत्तीस वर्षांची असेन तेव्हा कायद्याने त्याच्याकडे बघायची कुणावर सक्ती उरली नसेल. डेपोच्या खालच्या अंगाला राहणारी माणसं मात्र तिथेच असतील आणि त्यांच्या विहिरीही. छत्री एकदा फाटली की कुणीतरी येऊन ती शिवावी लागते. स्पंज नीट जमला तर दरवर्षी गवत उगवतं आणि बरंचसं काम करून जातं.

पुढच्या वेळी ‘डेपो शास्त्रीय पद्धतीने बंद’ अशी बातमी आली, तर आपण चार साधे प्रश्न विचारू शकतो. माती कोणती घातली? किती जाड? वर काय उगवणार आहे? आणि खाली किती पाणी उतरतंय हे कोण मोजणार? यातला चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. अल्बुकर्कीला स्पंज जिंकला हे कळलं, कारण तिथे कुणीतरी आवरणाखाली भांडं ठेवून थेंब मोजले होते.